सहा ठिपके

मंगळवारी दुपारी, वाचनालयाच्या तिसऱ्या संगणकासमोर
एल्रॉय टॉलफसन बसले, कोटाची गुंडीही न काढता,
जणू पाच मिनिटांत उठायचंच आहे.
बाहेर डुलुथचं सरोवर दगडासारखं गोठलेलं,
आणि धान्याची ती उंच कोठारं, जिथे त्यांची एकतीस वर्षं गेली,
तीही आज गप्प.

पुतणीला मुलगी झाली. सिग्ने.
तिच्या नावे पन्नास डॉलरचा रोखा घ्यायचा,
सरकारी, बचतीचा.
"पूर्वी बँकेत जायचो," म्हणाले, "खिडकीवर पैसे ठेवायचे,
कागद मिळायचा. जाड. त्याला वास असायचा."
आता कागद नाही, खातं आहे,
आणि खात्याचा लांबलचक क्रमांक
त्यांनी औषधाच्या पाकिटामागे लिहून आणलेला.
त्यातला एक आहे की सात, यावर आमचा पंधरा मिनिटं खल.

मी इथे पुस्तकं लावायला म्हणून लागले होते.
हल्ली अशाच दारांशी उभी असते.
या दाराची तऱ्हा न्यारी:
पासवर्ड बोटांनी लिहायचा नाही,
पडद्यावरच्या कळफलकावर माउसने एकेक अक्षर टिपायचं,
कोंबडीनं दाणे टिपावेत तसं;
फक्त कोंबडी चुकत नाही.
आणि मागे जायचा बाण दाबायचा नाही.

दाबला.

उंबऱ्याबाहेर. पुन्हा पहिल्यापासून.
मग संकेतांक ईमेलवर,
आणि ईमेलचा पासवर्ड घरी, फ्रिजवर, चुंबकाखाली.
बुधवारी ते चिठ्ठी घेऊन आले, चुंबकासकट.

तेव्हा कुठे तो प्रश्न आला:
लहानपणी तुम्हाला कोण व्हायचं होतं?

एल्रॉयनी माझ्याकडे पाहिलं.
"हे सगळं आर्डिसनं भरलं होतं."
आर्डिस गेली त्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील.
"तुम्हाला विचारलं असेल ना तिनं?"
"ती विचारत नसे. तिला ठाऊक असे."

जहाजाचा कप्तान. चूक.
पशुवैद्य. चूक.
"अगं, हे तर मी तिला लग्नाआधी सांगितलेलं,
गाडीत, हीटर बंद पडलेला असताना..."
ते माझ्याशी बोलत नव्हते.
तिसऱ्या वेळी माउसवरचा हात बराच वेळ नुसता होता.
मग लिहिलं: काही नाही.
खातं बंद.

पुढचं सगळं कागदावर, ज्या सरकारला कागद नको होता त्याच्याच.
सही बँकेतल्या अधिकाऱ्यासमोर करायची.
तिथल्या बाईंनी दोनदा परत धाडलं,
असला शिक्का आमच्याकडे नसतो म्हणून,
तिसऱ्यांदा तो त्यांच्याच खणात सापडला.
पाकीट टपालात पडलं, आणि आठवडे गेले.
सिग्नेला पहिला दात आला.
बर्फ फुटला, बंदरात मोसमातलं पहिलं जहाज भोंगा देत शिरलं,
आणि एल्रॉय आले, पत्र हातात, गुंडी काढलेली.

खातं उघडलं.
"ते उत्तर दिसेल का कुठे?"
शोधलं. होतं, पण झाकलेलं:
सहा ठिपके.
त्यांनी पडद्याला बोट लावून एकेक मोजले,
ओठांतल्या ओठांत अक्षरं जुळवली,
एकदा मान हलवली, पुन्हा मोजले,
आणि एकदम हसले, इतक्या मोठ्यानं
की वर्तमानपत्रांच्या टेबलावरची माणसं वळली.
"काय होतं?" मी विचारलं.
"आगाऊ बाई," म्हणाले. मला नव्हे.
"प्रश्न बदलून देऊ का? सोपा?"
"राहू दे. आता येतं मला."

पन्नास डॉलर. खात्री आहे का? हो.
रोखा भेटीच्या पेटीत जाऊन बसला,
सिग्नेच्या आईनं खातं उघडेपर्यंत तो तिथेच राहणार.
पुतणीला कोण सांगणार हे, यावर आम्ही दोघंही बोललो नाही.

पावती मी छापून दिली, वाचनालयाच्या पातळ कागदावर.
त्यांनी ती नाकाशी नेली.
"नाही," म्हणाले,
आणि चार घड्या घालून
कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.